लक्ष्मीबाईंच्या चालीनं

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये सहा वेगवेगळ्या चर्चनी आपापली नावं, घटना आणि शिक्के बाजूला ठेवले आणि त्यातून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभी राहिली. अँग्लिकन होते, युनायटेड चर्चवाले होते, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेतले मेथडिस्ट होते. बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा की कळत्या वयात घ्यायचा, या एका प्रश्नावरून युरोपात एके काळी माणसं मारली गेली. इथं दोन्ही पद्धती एकाच चर्चमध्ये शेजारी शेजारी नांदतील असं ठरलं, आणि नांदल्याही. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या समाजातल्या, जुन्या माणसांना मात्र त्या वर्षाबद्दल विचारलं तर फारसं काही आठवत नाही. ‘पाटी बदलली,’ एवढंच सांगतात. पण देवळात (आम्ही चर्चलाही देऊळच म्हणतो) सतरंज्या जाऊन बाक आले तेव्हा कोण कुणाशी बोलेनासं झालं होतं, हे अजून नावानिशी सांगितलं जातं.

मी नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, तोंडात मात्र अजून नगरच येतं. आमची मंडळी फार मोठी नाही. दगडी भिंतींचं, पत्र्याच्या छपराचं चर्च, मागे पाळकांचं घर, एक हॉल, चिंचेची दोन झाडं आणि झाडांखाली उभ्या राहणाऱ्या मोटारसायकली. काही वर्षांपासून मी चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीवर आहे. त्यामुळे बदल कसा येतो, कुठं अडतो आणि अडवणारा नेमकं काय वाचवू पाहत असतो, हे जवळून बघायला मिळतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, चर्चमधली माणसं धर्मशास्त्रावरून भांडत असतील. आम्ही भांडतो ते उपासना नऊला सुरू करायची की साडेनऊला, यावरून.

तर ते बाक. सतरंजीच्या काळात बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे, चपला बाहेर. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्यांना खाली बसणं जमेना, म्हणून बाक करून घ्यायचं ठरलं. नवल म्हणजे म्हातारे राजी होते. विरोध केला तो चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांनी. त्यांचे पुढारी होते निवृत्त होत आलेले एक शाळामास्तर. गुरुजींचं म्हणणं असं की सतरंजीवर कुणी कुठंही बसतं, उशिरा आलेला पुढं सरकतो, कुणाचं पोर कुणाच्याही मांडीवर झोपतं. बाक आले की पहिला बाक आणि शेवटचा बाक ठरणार. वडिलांकडून हे मी लहानपणी ऐकलं तेव्हा हसू आलं होतं. पण गुरुजींचं म्हणणं खरं ठरलं. दोन-चार वर्षांत बाक घराण्यांच्या नावे झाले. पाटी नाही लावली कुणी, पण कोणता बाक कुणाचा हे सगळ्यांना ठाऊक. पाहुणा चुकून बसला तर उठवत नाहीत, नुसतं त्याच्याकडे बघत राहतात.

गुरुजींना सतरंजी एवढी का प्यारी होती, हे कळायला मागं जावं लागतं. अमेरिकन मराठी मिशनचं नगरचं काम १८३१ मध्ये सुरू झालं. ‘ज्ञानोदय’ नगरलाच १८४२ मध्ये निघाला. हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक ही सुरुवातीची ब्राह्मण घराण्यातली माणसं पुढे पाळक झाली. पण जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये मंडळ्या उभ्या राहिल्या त्या मुख्यतः महारवाड्यातून आणि मांगवाड्यातून. ज्या गावात विहिरीवर पाणी वेगळं, चावडीपुढून जायची वाट वेगळी, तिथं सगळ्यांनी एका सतरंजीवर बसायचं, एका भाकरीचा तुकडा मोडायचा आणि एकाच पेल्याला तोंड लावायचं. महार आणि मांग यांच्यातही शिवाशिव होतीच, हे सोयीनं विसरलं जातं. गुरुजींच्या आजोबांनी तो पेला पहिल्यांदा तोंडाला लावला तेव्हा हात थरथरला होता म्हणे. अशा माणसाच्या नातवाला सतरंजी जपावीशी वाटली, तर त्याला मागासलेला म्हणायची माझी तरी तयारी नाही.

पेल्याचंही पुढे तेच झालं. आमच्याकडे प्रभुभोजनाला दारू नसते. मनुका भिजवून, चुरून, गाळून काढलेला रस असतो आणि तो करायचं काम ठरलेल्या घरांकडे फिरतं. एका पेल्यातून सगळ्यांनी प्यायचं ही जुनी रीत गेली आणि लाकडी ट्रेमध्ये बोटभर उंचीचे काचेचे छोटे पेले आले. कारण आरोग्याचं होतं आणि ते चुकीचं नव्हतं. क्षयाचे रुग्ण घराघरात होते. माझ्या आजीनं मात्र छोटा पेला कधी मनापासून स्वीकारला नाही. ‘ज्याच्या त्याच्या वाटीतलं ज्यानं त्यानं प्यायचं, तर मग घरीच प्यायचं की,’ असं ती म्हणायची. २०२० च्या मार्चमध्ये देवळाला कुलूप लागलं आणि आम्ही खरोखरच घरी, मोबाइलसमोर ब्रेडचा तुकडा आणि वाटीत रस घेऊन बसलो. आजी तेव्हा नव्हती. असती तर तिनं मला चांगलंच सुनावलं असतं.

टाळेबंदीतल्या उपासनेबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांच्याच आठवणी सारख्या आहेत. नोव्हेंबरात पाडव्याला प्रार्थनास्थळं उघडली, एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये घटस्थापनेला परत उघडली. मधल्या काळात आमच्या तरुण संघानं घरोघर किराणा पोचवला. त्या पोरांना तोवर कमिटीत ‘मोबाइलवाले’ म्हणून हिणवलं जायचं. प्रक्षेपणाची जुळवाजुळव करायला तेच लागले आणि परत दार उघडल्यावर त्यांना गप्प बसवणं अवघड झालं. चांगलंच झालं.

त्या पोरांनी मग ड्रम मागितला.

आमच्याकडे ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक घरोघरी असतं. कडेला फाटलेलं, आत कुणाच्या तरी लग्नाची तारीख पेन्सिलनं लिहिलेलं. त्यात दोन प्रकारची गीतं आहेत. एक पाश्चात्त्य चालींवर बेतलेली, पायपेटीवर म्हणायची. दुसरी पदं, भजनं, अभंग, तबला-पेटी-झांजांवर म्हणायची. जुन्या मंडळींना दोन्ही मुखपाठ. नव्या पोरांना यूट्यूबवरची हिंदी भक्तिगीतं हवी असतात, त्यात कीबोर्ड, गिटार आणि ड्रम. पहिल्या बैठकीत आमच्यातले एक ज्येष्ठ सभासद उठले आणि म्हणाले, ‘हा परदेशी धांगडधिंगा देवाच्या घरात नको.’ हे गृहस्थ पायपेटीवर ज्या चाली वाजवतात त्या इंग्लंड-अमेरिकेतून बोटीनं आलेल्या. पायपेटीही तशीच आलेली. मी काही बोलले नाही. त्यांच्या हाताखाली माझे वडील पेटी शिकले होते.

पण परंपरेचा हा हिशेब जरा उलगडून बघण्यासारखा आहे. नगर भागात कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी पदं रचली आणि ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. त्यानंतर कवी नारायण वामन टिळक आले. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. तुकारामांच्या वाटेनं आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असं ते म्हणत. त्यांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली, हातात चिपळ्या घेऊन ख्रिस्ताचं कीर्तन केलं. आज ते सगळं ‘आपलं’ वाटतं. पण मागं सोडून आलेल्या देवळातली झांज पुन्हा इथं कशाला, असा संकोच पहिल्या पिढ्यांतल्या कित्येकांना होता. तोही समजण्यासारखा आहे. ज्या देवळात पाय ठेवू दिला नाही, तिथला टाळ आपल्या हाताला लागताना बरा कसा वाटेल? ब्राह्मण घरातून आलेल्या टिळकांना तो टाळ आपलाच होता. महारवाड्यातून आलेल्यालाही त्याचं भजन होतं, चोखोबा होता, पण त्या टाळाशी त्याचं नातं इतकं सरळ नव्हतं. टिळकांची गाणी सर्वांच्या तोंडी बसली हे त्यांच्या प्रतिभेचं यश आहेच. पण ती बसायला वेळ लागला आणि बसवली ती संध्याकाळी घरोघरच्या प्रार्थनेला जमणाऱ्या बायकांनी. त्या गाण्यांवर नकळत आपापल्या जात्यावरच्या चाली चढल्या. आमच्या गावात म्हणतात ती चाल नगरच्या शहरात म्हणत नाहीत. राहुरीकडचा पाहुणा आला की तिसरीच ऐकू येते.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’. ती आमच्या घरात बायबलच्या खालोखाल वाचली गेली. १९३४ पासून ती चार भागांत आली. आईला त्यातले विनोदी प्रसंग पाठ होते. मला मात्र वय वाढत गेलं तसा एक आकडा पुन्हा पुन्हा दिसू लागला. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये, लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. एका घरात, एकमेकांवर जीव असलेल्या दोन माणसांत पाच वर्षांचं अंतर. टिळकांना साक्षात्कार झाला की ते निघत, मागं कोण येतंय हे बघायला थांबत नसत. लक्ष्मीबाई थांबल्या. सोवळं सांभाळलं, रडल्या, रागावल्या, वेगळं रांधलं. मग एकदा त्यांनी स्वतःलाच विचारलं की जात देवानं केली की माणसानं, आणि माणसानं केली असेल तर ती पाळायची कशाला. उत्तर त्यांचं त्यांना सापडलं, कुणी हातात दिलं नाही. आणि एकदा सापडल्यावर त्या परत फिरल्या नाहीत.

टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथं जागा होती. मिशनरींच्या छत्राखालून मराठी ख्रिस्ती समाजानं बाहेर पडावं, आश्रमासारखं, बंधुत्वाचं काहीतरी उभं करावं, अशी ती कल्पना होती. आजही वाचताना अंगावर काटा येतो इतकी पुढची. १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार ओसरला. राहिली ती गाणी. आणि ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचं काव्य, जे टिळकांनी अर्धवट सोडलं होतं आणि लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.

मला वाटतं, मंडळी बदलते ती लक्ष्मीबाईंच्या चालीनं. टिळकांसारखी माणसं लागतातच, ती नसतील तर कुणी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाही. पण टिळकांचा वेग हा मंडळीचा वेग धरला की ‘दरबार’ होतो. नागपूरला १९७० मध्ये जे झालं त्याची बोलणी १९२९ पासून चालू होती. एक्केचाळीस वर्षं. समित्या, मसुदे, मतदान, परत मसुदे. हसावंसं वाटतं, पण पन्नासहून अधिक वर्षं ते टिकलंय. भांडणं आहेत, जमिनींचे खटले आहेत, बिशपांबद्दलच्या तक्रारी आहेत, सगळं आहे. तरी ‘तुमचं अमेरिकन मिशन, आमचं एसपीजी (म्हणजे इंग्लंडचं अँग्लिकन मिशन)’ असं म्हणून एकाच गावात सोयरीक नाकारणारी माणसं माझ्या पिढीनं पाहिलेली नाहीत. आजीनं पाहिली होती.

तरी एक गोष्ट कबूल करायला हवी की त्या एकीत आमच्यासारख्या मंडळ्यांनी काहीतरी गमावलंही. अमेरिकन मिशनकडून आलेल्या काँग्रिगेशनल परंपरेत मंडळी आपला पाळक आपण निवडायची, हिशेब आपण बघायची. आमच्याकडे बिशप नव्हतेच. आता पाळकांची बदली वरून होते आणि निरोपसमारंभाचा हार तेवढा आम्ही आणतो. एकीची किंमत म्हणून ठीक आहे. पण पाटीच बदलली असं म्हणणारे जुने लोक थोडे भोळे होते.

ड्रमचं काय झालं? तो आला. पण वेगळ्याच वाटेनं. कापणीच्या सणाला तरुण संघाला एक गाणं बसवायला सांगितलं गेलं. त्यांनी ‘उपासना संगीत’मधलं जुनं भजन घेतलं, जुन्याच चालीवर, फक्त मागं ड्रम. त्या ज्येष्ठांनी डोळे मिटून ऐकलं. शेवटी म्हणाले, ‘दुसऱ्या कडव्यात लय धावतेय.’ त्यानंतर दर शनिवारी सरावाला ते स्वतः जाऊन बसू लागले. ड्रमला विरोध आहे असं आजही सांगतात.

कापणीचा सण हा आमच्या वर्षाचा खरा दिवस. नाताळ तर काय, सगळ्यांचाच. या सणाला शेतातलं पहिलं पीक देवाला आणायचं असतं. वेदीपुढं बाजरीची, गव्हाची पोती, ऊस, कांदे, भोपळे, लिंबं, नारळ, टोपलीत अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या, कुणी शेळीचं करडूही आणतं. उपासना झाली की अंगणात लिलाव. दोन रुपयांचं लिंबू पाचशेला जातं, कारण ते घेणारा विकत घेत नसतो, देत असतो. लिलाव पुकारणारा माणूस हा मंडळीतला सर्वांत महत्त्वाचा माणूस, पाळकांपेक्षाही. कुणाला कोणत्या टोपलीवर चढवायचं, कुणाचा मुलगा यंदा नोकरीला लागला, कुणाचं भावाशी पटत नाही आणि म्हणून तो भावानं आणलेला भोपळा चढ्या भावानं घेऊन दाखवेल, हे सगळं त्याला माहीत असतं. घेतलेली वस्तू परत देवाला द्यायची आणि तिचा पुन्हा लिलाव व्हायचा, असंही चालतं. एक कोंबडी संध्याकाळपर्यंत चार घरची होऊन येते. (कोंबडीला विचारलं तर या सणाबद्दल तिचं मत वेगळं असेल.)

आता शेती किती घरांत राहिली? पोरं पुण्याला, चाकणला, सुपे एमआयडीसीत. बरीच घरं शनिवारी बाजारातून पोतं विकत आणून रविवारी वेदीपुढं ठेवतात. ‘पहिलं पीक’ म्हणून मार्केट यार्डातला गहू. यावर कमिटीत एकदा गंभीर चर्चा झाली. हे खोटं नाही का? एका बाईंनी, त्या तालुक्याच्या दवाखान्यात परिचारिका आहेत, एवढंच म्हटलं, ‘माझं पीक म्हणजे माझा पगार. त्यातनं आणलाय गहू.’ चर्चा संपली. त्याच्या पुढच्या वर्षी एकानं वेदीपुढं आपलं पहिलं सॅलरी स्लिप ठेवलं. त्याचा लिलाव करावा की नाही हे पुकारणाऱ्याला कळेना.

आणि मग परगावच्यांची मागणी आली की आम्हालाही बोली लावू द्या. व्हिडिओ कॉलवर लिलाव, पैसे यूपीआयनं. आखातातला एक भाचा एका भोपळ्यावर असा काही चढला की गावातले सगळे गप्प झाले. रक्कम मोठी आली, खजिनदार खूश. पण अंगणातली मजा गेली. शेतमजुरी करणाऱ्या घरच्या माणसालाही एखाद्या नारळावर शंभर रुपये बोलून मान मिळवता यायचा, तो परदेशातल्या पैशापुढं कसा मिळावा? तेव्हा नियम केला की लिंबं, नारळ आणि अंडी अंगणातल्यांसाठीच. फोनवरच्यांनी पोती घ्यावीत. हा नियम कुणा धर्मपंडिताला सुचला नसता. तो लिलाव पुकारणाऱ्यानं केला. हल्लीच्या काळात मंडळीनं घेतलेला तो सर्वांत शहाणा निर्णय होता असं मी मानते.

बायकांचं मात्र इतकं सहज झालं नाही. प्रीतिभोजनाचा स्वयंपाक आमचा, महिला मंडळ आमचं, शब्बाथ शाळेची, म्हणजे रविवारच्या धर्मशिक्षणाची, पोरं आमची, आजाऱ्याच्या घरी प्रार्थनेला आम्ही. कमिटीत मात्र बराच काळ एखादंच नाव, तेही चहाची व्यवस्था बघायला. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्रियांना दीक्षा मिळते, दक्षिणेकडच्या भगिनी चर्चमध्ये २०१३ मध्ये पुष्पा ललिता बिशप झाल्या, हे सगळं आम्हाला ठाऊक होतं. बातमी वाचून टाळ्या वाजवणं सोपं असतं. आमच्या मंडळीत पाळक म्हणून बाई आल्या, तेव्हा खरी परीक्षा झाली.

वाटलं होतं, कुणीतरी वचन काढून दाखवील, बायकांनी मंडळीत गप्प राहावं वगैरे. तसं कुणी केलं नाही. अडचण भलतीकडेच निघाली. आजवर पाळक आले की त्यांच्याबरोबर त्यांची बायको यायची आणि ती बिनपगारी शब्बाथ शाळा चालवायची, महिला मंडळाची सभा घ्यायची, पाहुण्यांना जेवू घालायची, वेदीवरचं कापड धुवायची. या पाळकबाईंचे यजमान बँकेत, दुसऱ्या जिल्ह्यात. रविवारी कधी तरी येत, शेवटच्या बाकावर बसत. महिनाभरात मंडळीच्या लक्षात आलं की कामं पडून राहताहेत. वेदीचं कापड मळलं. तेव्हा कुठं आम्हाला कळलं की इतकी वर्षं आपण एका पगारात दोन माणसं राबवत होतो. मी कमिटीत हे बोलले तर एक जण म्हणाले, ‘ती सेवा होती.’ सेवा होतीच, पण तिच्या नावावर कुठं नोंद नव्हती. शेवटी कामं वाटली गेली. वेदीचं कापड आता पुरुषांकडे आहे, आणि इस्त्री चांगली करतात.

जातीबद्दल लिहिल्याशिवाय हा लेख खोटा होईल. एका पेल्यातून प्यालेल्यांची पणतवंडं आज लग्न जमवताना हलकेच विचारतात, ‘मूळचे कुठले?’ त्या प्रश्नाचा अर्थ गाव नसतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. त्यामुळे कित्येक घरांत रविवारचं नाव एक आणि दाखल्यावरचं एक. १९५६ नंतर तर एका घरात एक भाऊ बौद्ध, एक ख्रिस्ती अशी वाटणी झाली आणि चौदा एप्रिलला दोघं एकत्र मिरवणुकीत चालतात. मंडळीच्या नोंदवहीत यातलं काही येत नाही. पाळकांना सगळं माहीत असतं, कमिटीला माहीत असतं, आणि कुणी विषय काढत नाही. बाक, पेले, ड्रम या सगळ्यांवर आमच्या सभा झाल्या. या विषयावर एकही सभा मी पाहिलेली नाही. इथं लक्ष्मीबाईंची चाल हे निमित्त होता कामा नये. त्या सावकाश चालल्या, पण चालत होत्या.

अलीकडे शेवटच्या बाकावर नवे लोक दिसू लागलेत. एमआयडीसीतल्या कारखान्यांत कामाला आलेली झारखंडची आदिवासी पोरं. मुंडा, उराँव. काही पिढ्यांचे ख्रिस्ती, आपल्या गावी मोठ्या मंडळ्यांत वाढलेले. मराठी येत नाही. उपासनेत उभं राहायचं कधी, बसायचं कधी एवढं इतरांकडे बघून करतात, आणि गाणं सुरू झालं की शब्द न कळता सूर धरतात, तोही आमच्यापेक्षा बरा. पहिले काही रविवार त्यांच्याशी कुणी बोललंच नाही. मग महिला मंडळातल्या एकीनं त्यांना प्रीतिभोजनाला वाढताना विचारलं, ‘भात खाते हो ना?’ आणि भाताचं पातेलंच त्यांच्यापुढं ठेवलं.

पुढचा प्रश्न कमिटीत आला. वचनाचं एक वाचन हिंदीत करायचं का? मराठी ही आमची कमाई आहे, टिळकांची, पंडिता रमाबाईंची, ‘उपासना संगीत’ची. ती पातळ का करायची, असं मलाच वाटलं आणि मी तसं बोलले. पाळकबाईंनी विचारलं, ‘रमाबाईंनी बायबलचं भाषांतर कुणासाठी केलं होतं?’ साध्या बायकांना वाचता यावं म्हणून, हे मला माहीत होतं. तरी मी मत बदललं नाही. ठराव झाला. महिन्याच्या पहिल्या रविवारी जुन्या करारातलं वाचन हिंदीत होतं. मला अजून खटकतं, पण सवय होतेय.

त्यांना सभासद करून घ्यायचं का, हा त्याहून मोठा तिढा होता. सभासद म्हणजे मतदानाचा हक्क, कमिटीला उभं राहायचा हक्क, दफनभूमीत जागा. ‘आज आहेत, उद्या कंपनी बंद पडली की जातील,’ असा सूर निघाला. आमची अर्धी पोरं चाकणला गेलीत आणि तिथल्या मंडळीत हेच ऐकतात, हे खजिनदारांनी शांतपणे सांगितलं. नियम असा की आधीच्या मंडळीचं पत्र हवं. पाळकबाईंनी त्या पोरांच्या गावच्या, झारखंडातल्या गुमल्याच्या पाळकांना कळवलं. पत्राचा फोटो व्हॉट्सॲपवर आला, हिंदीत, खाली गोल शिक्का. वयानं सर्वांत मोठ्या सभासदांनी चष्मा काढून, घालून, परत काढून तो शिक्का बघितला आणि चालेल म्हणाले. गेल्या वार्षिक सभेत त्यातल्या तिघांनी हात वर करून मत दिलं. विषय हॉलच्या छपराचा होता. त्यांनी पत्र्याच्या विरोधात, स्लॅबच्या बाजूनं दिलं, म्हणजे माझ्या विरुद्ध. सभा संपल्यावर खजिनदार पावतीपुस्तक घेऊन त्यांच्या बाकापाशी गेले आणि चालू वर्षाची वर्गणी मागितली.